काळाचौकीचं श्रेय

"आण्णा," असं ती मुलगी म्हणाली, आणि अनुजाला आधी वाटलं की आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. काळाचौकीतल्या एका शाळेच्या सभागृहात गुडघे पोटाशी घेऊन मुली गोल बसल्या होत्या, वरचा पंखा नुसताच आवाज करत होता, आणि तिनं सगळ्यांना विचारला तोच प्रश्न विचारला होता: गेल्या दोन वर्षांत तुमच्यात जो बदल झाला, तो कोणामुळे झाला असं वाटतं? आधीच्या मुलींनी पढवल्यासारखी उत्तरं दिली होती. शार्दूलमुळे. कोच ताईंमुळे. फाउंडेशनमुळे. ‘मुंबई शार्दूल’ हा व्यावसायिक कबड्डीचा संघ. त्याच्या मालकांनी धर्मादाय कामासाठी एक फाउंडेशन काढलं होतं, आणि त्या फाउंडेशननं काळाचौकी, लालबाग अशा ठिकाणी मुलींना मॅट दिली होती, बूट दिले होते, शिकवायला एक ताई दिली होती. या सगळ्यानं समाजात खरोखर किती फरक पडला हे मोजून द्यायचं काम अनुजाच्या ऑफिसकडे आलं होतं. अशी मोजमापं ती कितीतरी वर्षं करत होती. विहिरींची, शिवणयंत्रांची, अंगणवाड्यांची. माणसं कोणाचं नाव घेतात आणि कोणाचं घ्यायचं टाळतात हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. ही मुलगी, आकांक्षा नावाची, उंच, कानामागे तेल चमकणारी, नाव घेताना जराही थांबली नव्हती.

"कोण आण्णा?"

"सीताराम आण्णा. ते ग्राउंडवर असतात ना ताई, सफेद टोपीवाले."

"फाउंडेशनचे आहेत का ते?"

"नाय नाय. ते असेच येतात. आमचे आहेत."

बाकीच्या मुली हसल्या, त्या हसण्यात लाड होता. मग आकांक्षा सांगत सुटली. पप्पा शॉर्ट्स घालायला नाय बोलले होते, तर आण्णा रोज संध्याकाळी घरी येऊन बसायचे. चहा पण घ्यायचे नाहीत. पप्पा हो बोलले तेव्हाच चहा घेतला. अनुजा लिहून घेत होती. तिचं अक्षर नेहमीसारखंच सरळ येत होतं. ‘ते माझे वडील आहेत’ हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. पुढच्या मुलीकडे वळून तिनं तोच प्रश्न विचारला.

आण्णा. त्यांना या नावानं कोणी हाक मारलेली तिनं कधी ऐकली नव्हती. घरात ते बाबा होते, चाळीत सीताराम, गावी मालवणला सितो. आपल्या माणसाला आपल्याला ठाऊक नसलेलं एक नाव असावं, आणि त्या नावाचा माणूस लोकांच्या घरी जाऊन मुलीसाठी बसून राहत असावा, हे तिला पचेना. शाळेतून बाहेर पडून टॅक्सीत बसेपर्यंत तिला स्वतःचा गुडघा आठवायला लागला होता. उजवा. तेरा वर्षांची असताना शाळेच्या कबड्डीच्या संघात तिची निवड झाली होती, आणि पहिल्याच सरावात ती सिमेंटवर घसरली. गुडघ्याचं कातडं सोललेलं, त्यात बारीक खडी. लंगडत चाळीच्या गॅलरीत आली तेव्हा बाबा कामावरून येऊन पायरीवर बूट काढत होते. गिरणी बंद पडल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि ते रे रोडच्या एका गोदामावर राखणीला जायचे. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही. "उद्यापासून खेळूक जावचा नाय," एवढंच म्हणाले आणि दुसरा बूट काढायला लागले. आईनं हळद लावली. अनुजा त्या रात्री वाट पाहत राहिली होती की कोणीतरी आपल्या बाजूनं भांडेल. आई भांडेल, शेजारची शेवंती काकू भांडेल, निदान भिंतीवरचा तो फोटो तरी काही बोलेल, ज्यात गिरणीच्या संघात पुढच्या रांगेत बाबाच बसले होते, मांडीवर हात ठेवून, खांबासारख्या मांड्या. कोणी बोललं नाही. सकाळपर्यंत गोष्ट संपलेली होती.

या गोष्टीचा तिनं नंतर चांगला उपयोग करून घेतला होता. दादरला लग्न होऊन आल्यावर, नवऱ्याच्या, राजेशच्या मित्रमंडळींत, ती ही गोष्ट हसत हसत सांगायची: वडिलांनी खेळू दिलं नाही म्हणून मी शिकले, नाहीतर आज गुडघे चोळत बसले असते. लोक हसायचे. तीही हसायची. आपल्या बाबांकडे देण्यासारखं काही नव्हतंच, गिरणीनं आणि गोदामानं ते सगळं घेतलं होतं, हे तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं, आणि त्या ठरवण्यात एक प्रकारची स्वस्थता होती. नसलेल्या वस्तूसाठी रडायचं काय? दर रविवारी ती काळाचौकीला जायची. माशाचं कालवण, रक्तदाबाच्या गोळ्या. आई गेल्यापासून बाबा टीव्हीसमोर बसून हां-नाही एवढंच बोलायचे. संध्याकाळी काय करता, तर मैदानात जावन बसतंय. तिच्या डोळ्यांसमोर कठड्यावर बसलेले चार म्हातारे यायचे. आता कळत होतं की वस्तू होती. नुसती होती असं नाही, चांगली भरपूर होती, आणि ती कानामागे तेल चमकणाऱ्या एका परक्या मुलीला मिळत होती.

दोन दिवसांनी ऑफिसमधून लवकर निघून ती मैदानावर गेली. कामासाठी जाते आहे असं तिनं स्वतःला सांगितलं. मसाल्याचा हंगाम होता, लालबागकडून भाजलेल्या मिरचीचा ठसका हवेत येत होता आणि रस्त्यावरची माणसं सवयीनं खोकत चालली होती. ती कुंपणाच्या जाळीबाहेर उभी राहिली. निळ्या मॅटवर मुली एकमेकींचे पाय धरून ओढत होत्या, कोच ताई शिट्टी वाजवत होती. सफेद टोपी मॅटच्या कडेला होती. बाबा उकिडवे बसले होते. गणपतीच्या आरतीलासुद्धा खुर्ची लागणारे बाबा उकिडवे बसून आकांक्षाच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होते, सावकाश, एका वेढ्यावर दुसरा वेढा दाबून बसवत. आकांक्षा एका पायावर उभी होती. तोल जाऊ नये म्हणून तिनं हात त्यांच्या डोक्यावर ठेवला होता. टोपीवर, सहज, कठड्यावर ठेवावा तसा. मैत्रिणीशी काहीतरी बोलत होती, खाली पाहतही नव्हती. अनुजा त्या हाताकडे पाहत राहिली. बाबांच्या डोक्याला आपण कधी हात लावला आहे का, हे ती आठवू लागली. लहानपणी खांद्यावर बसली असेल तेव्हा? पण खांद्यावर बसल्याचंही तिला आठवत नव्हतं. तेवढ्यात ती मुलगी काहीतरी म्हणाली आणि बाबा हसले. तोंड उघडून, मान मागे टाकून. दातांतली फट दिसली. हे हसणं तिच्या ओळखीचं नव्हतं. ती वळली आणि मिरचीच्या ठसक्यातून भराभर चालत सुटली. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला बरंच वाटलं, कारण त्या रस्त्यावर सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं.

पुढच्या आठवड्यात लोअर परळच्या ऑफिसात बैठक झाली. गिरणीच्या जागेवरचीच इमारत, खिडकीतून जुनी चिमणी दिसायची, तिला कोणीतरी खालून दिवे लावले होते. अनुजाचा साहेब दीपक होता, तिच्याबरोबर काम करणारा अनिश होता, आणि फाउंडेशनकडून वैदेही आली होती. तरुण, मनापासून काम करणारी, प्रत्येक मुलीचं नाव पाठ असलेली. अनुजानं मांडणी केली. लालबाग आणि अँटॉप हिलमध्ये मुलींमध्ये झालेल्या बदलाचं श्रेय बऱ्याच अंशी फाउंडेशनला जातं. काळाचौकीत बदल सगळ्यात मोठा आहे, मुली शाळा सोडत नाहीत, घरी उलट बोलायला शिकल्या आहेत. पण त्यातला मोठा वाटा तिथल्या एका वयस्कर गृहस्थांचा आहे. ते फाउंडेशनचे नाहीत. फाउंडेशन नसतं तरी ते तिथं असतेच. म्हणजे काळाचौकीचं श्रेय फाउंडेशनला घेता येणार नाही.

"पण सगळ्यात चांगलं सेंटर आहे ना ते?" वैदेही म्हणाली.

"चांगलं आहे. पण ते तुमच्यामुळे चांगलं नाही."

"करेक्ट आहे," दीपक म्हणाला. "असंच बघायला पाहिजे."

वैदेहीनं पेन खाली ठेवलं. "मग ती मॅट अँटॉप हिलला हलवूया का? तिथे दुसरी बॅच बाहेर थांबलेली आहे. गरज जास्त आहे तिथे."

"हरकत नाही," अनुजा म्हणाली.

बोलताना तिनं एकेक वाक्य मनात तपासून पाहिलं होतं आणि प्रत्येक वाक्य बरोबर निघालं होतं. कुठलाही परीक्षक चूक काढू शकला नसता. याची तिला किंचित भीती वाटली. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, उबदार, चोरून खाल्लेल्या लाडवासारखं. मॅट उचललेलं मैदान तिला दिसत होतं. कठड्यावर बाबा एकटे, टोपी मांडीवर, आणि डोक्यावर कोणाचाही हात नाही. हे चित्र तिला आवडलं. बैठक संपल्यावर ती बाथरूममध्ये गेली आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

रविवारी ती नेहमीसारखी डबा घेऊन गेली. बाबांनी दार उघडलं, टीव्ही बंद केला. टीव्ही त्यांनी आजवर तिच्यासाठी कधी बंद केला नव्हता.

"तू ग्राउंडार इल्लंस," ते म्हणाले. "जाळीभायर उभी होतंस. हाक कित्याक नाय मारलंस?"

तिच्या हातातला डबा तसाच राहिला. "तुम्ही पाहिलंत?"

"बघलंय. माका वाटला, कामात आसतलंस."

ती कॉटच्या कडेला बसली. ठरवून आली नव्हती, तरी प्रश्न बाहेर पडला. "बाबा, मला तुम्ही खेळायला का जाऊ दिलं नाही?"

"कधी?"

"शाळेत असताना. माझं सिलेक्शन झालं होतं. गुडघा फुटला म्हणून तुम्ही बंद केलंत."

ते तिच्याकडे खरोखरच गोंधळून पाहत होते. कपाळावर आठ्या, आठवायचा मनापासून प्रयत्न. "मी? मी खय बंद केलंय? तूच सोडलंस. तुझा लक्ष अभ्यासात होता."

"मी नाही सोडलं."

"गुडघो फुटलेलो? तुझो?" आणि त्यांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, साडीच्या निऱ्यांकडे, जणू तिथं अजून काही दिसेल. "माका काय आठवत नाय गो."

ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलले असते तर तिला चाललं असतं. लपवतात म्हणजे निदान आत कुठेतरी ठेवलेलं असतं. जी रात्र तिनं इतकी वर्षं सांभाळली, दादरच्या दिवाणखान्यांत हसून वाढली, ती या माणसाच्या आयुष्यात घडलीच नव्हती. बूट काढले, एक वाक्य बोलले, झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोदाम. मघापासून पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचा गिरणीचा फोटो हलत होता. तिनं डबा ओट्यावर ठेवला, कालवण पातेल्यात काढलं, गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि जिना उतरून गेली. बाबा गॅलरीत येऊन उभे राहिले असावेत. तिनं वर पाहिलं नाही.

सोमवारी ती थेट दीपकच्या केबिनमध्ये गेली. काय बोलायचं ते तिला ठाऊक होतं आणि का बोलायचं तेही. त्यात प्रामाणिकपणा फारसा नव्हता.

"काळाचौकीचे ते गृहस्थ," ती म्हणाली, "सीताराम. ते माझे वडील आहेत."

दीपकनं चष्मा काढला. "काय? आणि हे तू आत्ता सांगतेस? बैठकीत का नाही बोललीस?"

"आत्ता सांगते. माझे वडील आहेत ते."

दुसऱ्यांदा म्हणताना ते तिला जास्तच गोड लागलं. कोणाला तरी हे कळायला हवं होतं. कागदोपत्री, अधिकृतपणे, ते कोणाचे आहेत हे. दीपक वैतागला, क्लायंटला काय सांगू म्हणाला, मग काळाचौकीचं काम तिच्याकडून काढून अनिशला दिलं. अनिश मैदानावर चार-सहा वेळा जाऊन आला. परत आला तो हरखूनच आला.

"तुझे बाबा काय भारी आहेत यार," तो कँटीनमध्ये म्हणाला. "दोन तास गप्पा मारल्या माझ्याशी. वडापाव खायला घातला."

"दोन तास?"

"आणि ऐक, तुझं गणित चुकलं होतं. तू म्हणालीस ना, फाउंडेशन नसतं तरी ते असतेच? नसते. मॅट यायच्या आधी ते नुसते कठड्यावर बसायचे. मुली यायला लागल्या तेव्हा त्यांनी सुरुवातीला शिव्या घातल्या, पोरींचा काय खेळ म्हणून. मग रोज बघता बघता आत कधी शिरले त्यांनाच कळलं नाही. मला स्वतः म्हणाले, ‘पूर्वी माझा विचार वेगळा होता, घरी पण पोरीला नाय खेळू दिलं असेल.’" अनिश चहा ढवळत होता. "म्हणजे बदल मुलींच्यात शोधत बसलो आपण, आणि सगळ्यात मोठा बदल कठड्यावर बसला होता. तो कुठे मोजायचा सांग? मी लिहिलंय, मॅट हलवू नका. हा माणूस मॅट असेल तिथेच उभा राहतो."

नाय खेळू दिलं असेल. असेल. अनुजानं कप दोन्ही हातांनी धरला. म्हणजे रविवारी ती गेल्यावर ते आठवत बसले होते. आठवलं नसेल, पण तिच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि ते कबूल करायला त्यांना वडापाव खाणारा एक परका मुलगा लागला होता. अनिशचा तिला इतका राग आला की त्याच्या शर्टाच्या बटणाकडे पाहत तिनं कसंबसं "छान झालं" म्हटलं.

मॅट काळाचौकीतच राहिली. अँटॉप हिलसाठी वैदेहीनं दुसरी मिळवली. तो विषय मिटला असं अनुजाला वाटत असतानाच पुढच्या रविवारी बाबांनी जेवता जेवता मान वर न करता विचारलं, "अलिबागाक ट्रायल आसा. आकांक्षाची. रात्री थयच रवाचा लागतला. बाईमाणूस होया सोबत. कोच ताईच्या घरात लगीन आसा, चेडवाच्या आवशीक मसाल्याच्या दुकानातसून सुट्टी गावणा नाय. तू जाशीत?"

आकांक्षाची आई लालबागला मिरच्या भाजायच्या कामाला होती हे तिला ठाऊक होतं. ‘नाही’ म्हणायला पुष्कळ कारणं होती, ती सगळी तिच्या तोंडाशी आली. बाबांनी तिच्याकडे आजवर कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं तेही त्या मुलीसाठी. "जाईन," ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजातला कोरडेपणा ऐकला. बाबांनी माशाचा मोठा तुकडा तिच्या ताटात वाढला.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच निघाली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. आकांक्षा कठड्याला रेलून पाणी बघत होती, मांडीवर बॅग घट्ट धरून. डिझेलचा आणि खारट पाण्याचा वास एकत्र येत होता. बरंच अंतर कापल्यावर अनुजानं, आपण हे का विचारतो आहोत हे कळत असूनही, विचारलं, "आण्णा कधी माझ्याविषयी बोलतात का गं?"

मुलीनं खरंच विचार केला. "नाय ताई," ती म्हणाली. "मला वाटायचं त्यांना कोणच नाय."

बोलण्यात कुठेही वाकडेपणा नव्हता. मुलीनं बॅगेतून उकडलेली अंडी काढली, एक सोलून तिच्यापुढे धरलं. "आण्णांनी दिलीत. दोघींना." ते अंडं अनुजानं खाल्लं. मीठ आधीच लावलेलं होतं, जरा जास्तच.

ट्रायल दुसऱ्या दिवशी सकाळी होती. अनुजा मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. आपण ही मुलगी हरावी असं मनात आणतो आहोत का, हे ती तपासत होती, आणि उत्तर सारखं बदलत होतं. पहिल्या चढाईत आकांक्षा पकडली गेली. चौघींनी तिला अशी खाली आपटली की धप्प आवाज कडेपर्यंत आला, आणि अनुजा खुर्चीतून अर्धवट उठली; तिला जे वाटलं ते समाधान नव्हतं. मुलगी उठली. कडेला टोपी शोधावी तशी तिची नजर फिरली आणि अनुजावर येऊन थांबली. अनुजानं काय करावं ते न सुचून नुसती मान हलवली. त्यानंतरच्या चढायांमध्ये तिचा तो हलका पाय दिसला ज्याच्याविषयी बाबा सगळ्यांना सांगतात असं अनिश म्हणाला होता. सुंदर होतं ते. हेवा वाटावा इतकं सुंदर, आणि तो वाटतच होता, आता मात्र त्याच्यासोबत दुसरंही काही होतं, ज्याला ती नाव देऊ शकली नसती.

निवड झालेल्या मुलींची नावं वाचून झाली. आकांक्षा नळावर तोंड धुवायला धावली, आणि अनुजाच्या पर्समधला फोन वाजला. बाबा. तिनं पडद्याकडे पाहिलं. फोन नेहमी तीच करायची.

"काय झाला?" हॅलो नाही, काही नाही.

तिनं फोन कानाला दाबून धरला. पलीकडे मैदानाचा आवाज होता, कोणीतरी शिट्टी वाजवत होतं, आणि त्याच्याही अलीकडे बाबांचा श्वास, जवळ, फोनला चिकटलेला. ते थांबले होते. त्यांना हवी असलेली गोष्ट या क्षणी जगात फक्त तिच्याजवळ होती, आणि ती बोलेपर्यंत ते असेच कान लावून उभे राहणार होते.

"अगो, सांग मगे."

"सांगते," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते, थांबा."

खुर्ची सावलीत ओढून ती नीट बसली आणि लाँचपासून सुरुवात केली. समुद्र कसा होता, अंड्यांना मीठ जास्त झालं होतं, हॉस्टेलवर डास किती होते, सकाळी मुलीनं दूध घेतलं की नाही. बाबा मध्ये एकदाही तोडत नव्हते, नुसतं "हां, हां" म्हणत होते. पहिल्या चढाईपाशी ती आली तेव्हा ते म्हणाले, "आणि तू? तू खय बसलेलंस?" तेही तिनं सांगितलं, खुर्चीचा रंगसुद्धा. घाई केली नाही. निकाल तिनं अगदी शेवटाला ठेवला.